फत्तेपूरचा पाहुणा, कुंकळ्ळीचा पाद्री

माझ्या आजीचं माहेर कुंकळ्ळीचं. लहानपणी शिगम्याच्या दिवसांत ती मला छत्र्यांचा उत्सव बघायला घेऊन जायची. फातर्प्याहून देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या मिरवणुकीत नाचतात, गुलालानं रस्ता लाल होऊन जातो. देवी मुळात इथली, मग ती फातर्प्याला का राहते, असं मी दरवर्षी विचारायचे. आजी दरवर्षी तेच सांगायची. फिरंगी आले, पाद्री आले, देऊळ मोडलं, म्हणून लोकांनी देवीला तिकडे नेलं. मग असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्यानं मारलेल्या गावकारांची गोष्ट यायची. त्या गोष्टीतल्या पाद्रींना नावं नव्हती.

नावं मला कॉलेजात भेटली. आमच्या ग्रंथालयाकडे जाणाऱ्या जिन्यावर एक जुनं चित्र लावलेलं आहे. काळ्या झग्यातले पाच जण, हातात खजुराच्या फांद्या. दोन वर्षं मी त्या चित्राखालून पुस्तकं घेऊन गेले-आले, पण खालची ओळ कधी वाचली नव्हती. एकदा वाचली आणि थांबले. हे तेच पाच पाद्री होते, आजीच्या गोष्टीतले. त्यातला पहिला होता रोदोल्फो आक्वाविवा. कुंकळ्ळीला येण्याआधी तीन वर्षं हा माणूस अकबर बादशहाच्या दरबारात राहिला होता, तेही पाहुणा म्हणून.

मला यात काहीतरी जुळेना. ज्याला मोगल बादशहाच्या राजधानीत, रोज कडाडून वाद घालूनही, कुणी मारलं नाही, तो गोव्यात परतल्यावर अडीच-तीन महिन्यांत कसा मारला गेला? मंडळाच्या या अंकासाठी एकेका व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी हाच माणूस निवडला. आजीला आधी सांगितलं नाही.

अत्रीहून गोव्याला

रोदोल्फोचा जन्म २ ऑक्टोबर १५५० चा, इटलीतल्या अत्री या गावचा. वडील अत्रीचे ड्यूक, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोठे सरदारच. घरात पैसा, मान, चर्चमधली मोठमोठी पदं, सगळं होतं. या मुलानं मात्र १५६८ साली, अठरा वर्षंही पुरी झालेली नसताना, येशूसंघात प्रवेश घेतला. त्याचा काका क्लॉदियो आक्वाविवा हाही त्याच संघात होता. हा काका पुढे १५८१ मध्ये संघाचा सर्वोच्च प्रमुख झाला.

येशूसंघ म्हणजे जेझुइट. इग्नेशियस लोयोलानं स्थापन केलेल्या या संघाला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. नवा, शिकलेल्या लोकांचा आणि कुठेही जायला तयार असलेला संघ. पण जायचं कसं? पूर्वेकडची जहाजं पोर्तुगालच्या राजाची. पोपनं या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा आश्रयदाता नेमलेलं होतं. त्या व्यवस्थेला पाद्रुआदु म्हणतात. पाद्रींचा प्रवास, चर्चचा खर्च, बिशपांच्या नेमणुका हे सगळं राजाच्या हातून व्हायचं. त्यामुळे पाद्री कितीही साधा, कितीही निःस्वार्थी असला तरी तो ज्या गलबतातून उतरायचा त्यावर राजाचं निशाण असायचं. रोदोल्फोची पुढची सगळी कहाणी समजायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मार्च १५७८ मध्ये तो लिस्बनहून निघाला. त्याच ताफ्यात मात्तेओ रिची होता, जो पुढे चीनमध्ये गेला आणि पेकिंगला बादशहाच्या शहरात राहून तिथेच वारला. सप्टेंबरात जहाजं गोव्याला लागली. रोदोल्फोला जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला बसवलं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हाडकुळा, सतत उपास करणारा, आपल्याच तंद्रीत असणारा. असा माणूस राजकारणात पडेल असं कुणाला वाटलं नसतं.

बादशहाचं बोलावणं

सप्टेंबर १५७९ मध्ये अकबराचा वकील अब्दुल्ला गोव्याला आला. त्यानं आणलेल्या पत्रांत बादशहानं दोन विद्वान पाद्री पाठवण्याची मागणी केली होती, धर्मग्रंथांसह.

अकबराला ही इच्छा अचानक झाली नव्हती. १५७३ मध्ये गुजरात जिंकताना सुरतेला त्याची पोर्तुगिजांशी गाठ पडली होती. बंगालमधली एक गोष्टही त्याच्या कानावर गेली होती. तिथले काही ख्रिस्ती व्यापारी मोगल सरकारचा कर चुकवत होते आणि दोन जेझुइट पाद्रींनी त्यांना त्या पापाची क्षमा द्यायला नकार दिला होता. आपल्याच माणसांना परक्या राजाचा कर भरायला लावणारा हा कसला धर्म, याचं बादशहाला नवल वाटलं. फत्तेपूर सिक्रीच्या इबादतखान्यात तेव्हा वेगवेगळ्या पंथांचे विद्वान वाद घालत असत. त्यात हेही हवेत, असं त्याला वाटू लागलं.

पण दुसरंही कारण होतं, ते म्हणजे समुद्र. मक्केला जाणारी जहाजं पोर्तुगिजांचा परवाना घेतल्याशिवाय निघू शकत नव्हती. खुद्द अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला गेली तेव्हाही पोर्तुगिजांशी बोलणी करावी लागली आणि दमणजवळचं एक गाव त्यांना द्यावं लागलं. एवढ्या मोठ्या बादशहाला हे सलत नसेल का?

गोव्यातला विजरई गोंधळला. पाद्री पाठवावेत तर ते ओलीस व्हायचे, न पाठवावेत तर शेजारी दुखावायचा. शेवटी बिशपांच्या सभेनं कौल दिला की पाठवावेत. येशूसंघाला तर हर्ष झाला होता. बादशहा ख्रिस्ती झाला तर त्याच्यामागे सारा हिंदुस्थान येईल, असा त्यांचा हिशेब.

म्हणजे एकाच माणसाच्या खांद्यावर तिघांची ओझी. संघाला धर्मांतर हवं होतं, गोवा सरकारला दमण-दीवची शांतता हवी होती आणि बादशहाला ज्ञान, समुद्र आणि बहुधा फिरंग्यांची आतली खबर. रोदोल्फोला स्वतःला यातलं फक्त पहिलं कळत होतं.

१७ नोव्हेंबर १५७९ ला तिघे निघाले. रोदोल्फो प्रमुख, सोबत कातालोनियाचा आंतोनियो मोन्सेरात आणि हुर्मुजचा फ्रान्सिस्को हेन्रिकिश. हेन्रिकिश मुसलमान घरातून ख्रिस्ती झालेला होता, त्याला फार्सी येत होतं. दमण, सुरत, मग तापी ओलांडून मांडू, उज्जैन, सारंगपूर, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर. आपल्या मंडळाचे इंदूर-ग्वाल्हेरकडचे वाचक ही वाट सहज ओळखतील. नरवरला मोन्सेरात तापानं आडवा झाला, त्याला तिथे ठेवून बाकीचे पुढे गेले. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस रोदोल्फो फत्तेपूरला पोचला.

फत्तेपूरची वर्षं

पहिल्याच भेटीत अकबरानं पाद्रींसमोर पुष्कळ पैसे ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत. रोजच्या पोटापुरतं मिळालं की पुरे, एवढंच सांगितलं. दरबाराला हे नवं होतं. काही दिवसांनी त्यांनी बादशहाला बायबलचे खंड भेट दिले. अँटवर्पला प्लान्टिननं छापलेलं, एकाच पानावर अनेक भाषांत मजकूर असलेलं ते बायबल होतं. अकबरानं पागोटं उतरवलं, एकेक खंड हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं आणि डोक्याला लावला. स्वतः बादशहाला वाचता येत नव्हतं, असं म्हणतात. पुस्तकाचा मान कसा ठेवावा हे मात्र त्याला ठाऊक होतं.

मग वादांच्या रात्री सुरू झाल्या. रोदोल्फो फार्सी शिकला आणि लवकरच त्या भाषेत बोलू लागला. अबुल फजलच्या अकबरनाम्यात त्याचा उल्लेख पाद्री रदीफ असा येतो. आपल्या माणसाचं नाव मोगल बखरीत असं थोडं वाकडं होऊन आलेलं वाचताना मला गंमत वाटली.

एक गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवली आहे, ती आगीच्या दिव्याची. एका बाजूनं कुराण घेऊन मौलवीनं आणि दुसऱ्या बाजूनं बायबल घेऊन पाद्रीनं आगीत शिरायचं, जो वाचेल त्याचा धर्म खरा. अबुल फजल लिहितो की ही तयारी पाद्रीनं दाखवली आणि मौलवी मागे हटले. बदायूनी म्हणतो की आव्हान एका शेखानं दिलं आणि फिरंगी कचरले. जेझुइटांचं म्हणणं असं की कल्पना दुसऱ्या बाजूची होती आणि रोदोल्फोनं देवाची परीक्षा बघणं नको म्हणून नकार दिला. तीन साक्षीदार आणि तिघांच्या तीन गोष्टी. इतिहासाच्या तासाला आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवतात, तिच्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

खरं सांगायचं तर रोदोल्फो या वादांत नेहमी सौम्य नव्हता. इस्लामबद्दल तो फार कठोर बोलायचा. दरबारातले लोक चिडायचे. जपून बोला, असं खुद्द अकबराला त्याला समजवावं लागलं. तरी त्याच्या केसाला धक्का लागला नाही. राजवाड्याच्या आवारात त्याला जागा मिळाली, लहानसं चॅपेल करू दिलं. अकबर तिथे आला तेव्हा पागोटं उतरवून उभा राहिला. शहरात एक पोर्तुगीज वारला तर त्याची प्रेतयात्रा क्रूस आणि पेटत्या मेणबत्त्या घेऊन भर रस्त्यातून जाऊ दिली. शाहजादा मुराद दहा वर्षांचा होता, त्याला शिकवायला मोन्सेरातला नेमलं.

हे सगळं मला महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. फत्तेपूरला रोदोल्फोच्या मागे एकही शिपाई नव्हता. तिथे त्याचं शस्त्र म्हणजे त्याचं बोलणं आणि त्याचं वागणं. कुणाला पटलं तर पटलं, नाही तर नाही. आणि अकबराला शेवटपर्यंत पटलं नाहीच. तो ऐकायचा, विचारायचा, मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी जैन साधूंचं किंवा पारशी दस्तुरांचं तितक्याच मनापासून ऐकायचा. रोदोल्फोला हे कळायला दोन वर्षं लागली.

दोन राज्यांच्या मधोमध

दरम्यान राजकारण थांबलेलं नव्हतं. पाद्री अजून वाटेवर होते त्याच फेब्रुवारीत अकबरानं कुतुबुद्दीन खानाला फिरंगी बंदरांवर मोहीम काढायला नेमलं होतं. ही माहिती अकबरनाम्यातलीच आहे. एका हातानं पाद्रींना आमंत्रण, दुसऱ्या हातानं त्यांच्याच लोकांविरुद्ध फौज. पुढे गुलबदन बेगम हजहून सुखरूप परतली आणि परवान्यासाठी दिलेलं ते गाव परत घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. १५८२ मध्ये कुतुबुद्दीन खानाची फौज दमणवर चालून गेली. रोदोल्फो आणि मोन्सेरात बादशहाकडे गेले. बादशहानं शपथ घेऊन सांगितलं की आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं. पाद्रींनी किती विश्वास ठेवला कोण जाणे. पण पुढे वेढा उठला.

१५८१ साल रोदोल्फोला फार जड गेलं असणार. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूलहून चालून आला, पूर्वेकडे बंगाल-बिहारात सरदार उठले होते. बादशहा इस्लाम सोडतोय ही ओरड त्या बंडामागे होती. फेब्रुवारीत अकबर काबूलच्या मोहिमेवर निघाला, सोबत मोन्सेरातला नेलं. हेन्रिकिश गोव्याला परतला. रोदोल्फो फत्तेपूरला जवळजवळ एकटा राहिला. प्रार्थना, उपास, स्वतःच्या अंगावर चाबूक ओढून घेणं, असा त्याचा दिनक्रम. तो मुळातच अशक्त होता, त्यात आणखी खंगला.

मोन्सेरातनं या प्रवासाचं लॅटिनमध्ये तपशीलवार टिपण केलं. ते हस्तलिखित शेकडो वर्षं हरवलेलं होतं, १९०६ मध्ये कलकत्त्यात सापडलं. रोदोल्फोबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्यामुळेच कळतं.

मोहिमेनंतर अकबरानं आणखी एक मोठा बेत केला. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे आता पोर्तुगालचाही राजा झाला होता. त्याच्याकडे आणि पोपकडे वकील पाठवायचे ठरले. १५८२ मध्ये वकिलांबरोबर मोन्सेरात निघाला. ती वकिलात समुद्रापलीकडे कधी गेलीच नाही. एक वकील वाटेतूनच निसटला, दुसरा गोव्यापर्यंत येऊन परत गेला.

आता गोव्याच्या वरिष्ठांनी रोदोल्फोला परत बोलावलं. बादशहा काही ख्रिस्ती होत नाही, मग तिथे बसून काय करायचं? अकबर सोडायला तयार नव्हता. पुन्हा येण्याचं वचन घेऊनच त्यानं निरोप दिला. निघताना नजराणे पुढे केले, रोदोल्फोनं नेहमीप्रमाणे नाकारले. त्यानं एकच गोष्ट मागितली. राजमातेच्या सेवेत रशियाकडचं एक ख्रिस्ती गुलाम कुटुंब होतं, नवरा, बायको आणि दोन मुलं. त्यांना सोबत न्यायची परवानगी. राजमाता नाखूश होती, पण अकबरानं परवानगी दिली. तीन वर्षांच्या वकिलातीतून रोदोल्फोनं प्रत्यक्षात मिळवलेलं काही असेल तर ही चार माणसं. मला ते कमी वाटत नाही.

कुंकळ्ळी

मे १५८३ मध्ये तो गोव्याला पोचला. लगेच त्याला साष्टीतल्या मिशनचा प्रमुख नेमलं.

साष्टीत काय घडून गेलं होतं हे इथल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको, पण थोडक्यात सांगते. १५४३ मध्ये हा मुलूख आदिलशहाकडून पोर्तुगिजांकडे आला. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉड्रिग्ज यानं साष्टीतली देवळं जाळायला सुरुवात केली. त्या मोहिमेत सुमारे २८० देवळं गेली. काही ठिकाणी लोक आपले देव घेऊन नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात गेले. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी, आंबेली ही पाच गावं मात्र वाकेनात. ती पुन्हा देवळं उभी करत, कर भरायला नकार देत. त्यांच्यावर फौजा गेल्या, घरं जाळली गेली. आणि हे लपवण्यात अर्थ नाही की अशा मोहिमांबरोबर पाद्रीही असत. रोदोल्फोच्या चार साथीदारांपैकी पिएत्रो बेर्नो आणि आफोन्सो पाशेको हे त्यांत प्रत्यक्ष सामील झालेले होते. गावच्या लोकांनी त्यांना ओळखलं होतं, पुरतं ओळखलं होतं.

रोदोल्फोला मात्र कुणी ओळखत नव्हतं. तो जेमतेम दोन महिन्यांपूर्वी आला होता. त्यानं ठरवलं की आता साष्टीत नव्यानं सुरुवात करायची. कुंकळ्ळीला जाऊन चर्चसाठी जागा बघायची आणि क्रूस उभा करायचा. जुलै १५८३ मध्ये, भर पावसात, ओर्लीहून ही मंडळी निघाली. पाच जेझुइट म्हणजे रोदोल्फो, पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्य. त्याशिवाय गोन्सालो रॉड्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज आणि काही स्थानिक ख्रिस्ती. त्यात मुलंही होती.

गावात सभा भरली होती. लोकांनी काय पाहिलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. फत्तेपूरला लोकांनी जो रोदोल्फो पाहिला, पैसे नाकारणारा, फार्सी शिकणारा, तो कुंकळ्ळीच्या लोकांना दिसण्याचं काही कारणच नव्हतं. त्यांना बेर्नो दिसला, पाशेको दिसला. ज्यांनी याआधी देऊळ मोडलं ते आता त्याच मातीत क्रूस रोवायची जागा मोजायला आले आहेत, एवढंच दिसलं. नवा मनुष्य भला आहे की बुरा हे विचारायची वेळ निघून गेली होती.

जमाव हत्यारं घेऊन धावून आला. गोन्सालो रॉड्रिग्जनं बंदूक उचलली, तेव्हा पाशेकोनं त्याला अडवलं. गोळी सुटली नाही. रोदोल्फोच्या पायावर वार झाला, तो गुडघ्यांवर आला आणि त्यानं मान पुढे केली. पाचही जण मारले गेले, तो पोर्तुगीजही, आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही. एकूण वीस. पाद्रींची प्रेतं विहिरीत टाकली गेली, पुढे ती बाहेर काढून रायतूरला नेली. रोदोल्फो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

बातमी फत्तेपूरला पोचली तेव्हा अकबराला फार वाईट वाटलं, असं जेझुइटांनी नोंदवलंय. पुन्हा येतो म्हणून गेलेला पाहुणा आलाच नाही.

त्यानंतर

सरकारनं सूड घ्यायला वेळ लावला नाही. गावांवर फौज गेली. मग समेटाच्या बोलण्यासाठी म्हणून सोळा गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि आत आल्यावर पंधरा जणांना ठार केलं. सोळावा शौचकूपातून खाली साळ नदीत उडी टाकून वाचला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. हीच आजीची गोष्ट. वकील म्हणून बोलावून बोलावलेल्यांना मारायचं नाही, हा राजकारणातला सगळ्यात जुना नियम. अकबरानं तो रोदोल्फोच्या बाबतीत पाळला होता.

येशूसंघाचे मोगल दरबाराशी संबंध तुटले नाहीत. १५९१ मध्ये लाहोरला दुसरी तुकडी गेली, १५९५ मध्ये तिसरी. तिसरीचा प्रमुख जेरोनिमो झेवियर, संत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातला. तो जवळजवळ वीस वर्षं दरबारात राहिला. १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी जहांगीरच्या आईचं जहाज पकडलं तेव्हा जहांगीरनं पाद्रींचे तनखे थांबवले आणि चर्च बंद केली. गुन्हा आरमाराचा होता, दंड पाद्रींना बसला. आणि १७५९ मध्ये ज्या पोर्तुगालच्या आश्रयावर हे सगळं चाललं होतं, त्याच राज्यानं येशूसंघाला आपल्या सगळ्या मुलखातून हाकलून दिलं.

१८९३ मध्ये पोप तेराव्या लिओनं या पाच जेझुइटांना धन्य म्हणून घोषित केलं. त्यांच्याबरोबर मेलेले स्थानिक ख्रिस्ती त्या यादीत नव्हते. आमच्या जिन्यावरच्या चित्रातही ते नाहीत. गावकारांचं स्मारक कुंकळ्ळीत व्हायला तर २००३ साल उजाडावं लागलं.

एक दुवा मात्र आपल्या मंडळाच्या जवळचा आहे. रोदोल्फो फत्तेपूरला निघाला त्याच्या थोडेच दिवस आधी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. थॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन्स. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी त्यांनी इंग्लंडातल्या की युरोपातल्या, जिथे असेल तिथे, आपल्या भावाला ही हकिकत पत्रानं कळवली. त्यांनी पुढचं बहुतेक आयुष्य साष्टीतच काढलं. लोकांची भाषा शिकले, ओवी शिकले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं मराठी क्रिस्तपुराण छापून निघालं. तेही त्याच राज्याच्या छत्राखाली राहत होते, हे विसरून चालणार नाही. पण ते ज्या भाषेत बोलले ती भाषा हुकमाची नव्हती. रोदोल्फोनं बादशहासाठी जी मेहनत घेतली, ती साष्टीत करायला त्याला वेळच मिळाला नाही. मिळाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सुटत नाही, आणि तो सोडवण्याचा आव मी आणत नाही.

एवढं मात्र कळलं की माणूस चांगला असणं पुरत नाही, तो कुणाबरोबर आणि कुणाच्या मागून येतो हेही लोक बघतात. आणि हेही कळलं की गोष्टीत ज्यांना नाव नसतं त्यांच्यावर राग धरणं फार सोपं जातं.

गेल्या सुट्टीत मी हे सगळं आजीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती गप्प ऐकत होती. मग तिनं एवढंच विचारलं की त्या पोराच्या घरी कुणी कळवलं का. मी सांगितलं की त्याचा काका रोममध्ये संघाचा प्रमुख होता, त्यामुळे बातमी पोचलीच असणार. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की आमच्या पंधरा जणांच्या घरी कळवायला कुणाची गरज नव्हती, असोळणं काही लांब नाही.

यंदाच्या शिगम्याला आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत. छत्र्या बघायच्या आहेत, गावकारांच्या स्मारकापाशी थांबायचं आहे आणि तिला मी पाद्रींच्या चॅपेलकडेही नेणार आहे. यायला ती तयार आहे. फक्त तिची एक अट आहे, त्या चौदा जणांची नावं कुठे लिहिलेली असतील तर तीही मी तिला वाचून दाखवायची.